आईच्या वहीतले दोन तास

कचेरी,
३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहितो आहे. फोन केला की तू पीठ मळायच्या यंत्राच्या वर आवाज चढवून बोलतेस. मला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेल्या अर्ध्यात तू मला रागावत होतीस की काय या काळजीत दिवस जातो. पत्र बरं. त्यात रागावलीस तर निदान कळतं तरी.

बातमी अशी की सतरावं दुकान उघडलं. आईच्या नावाची पाटी आता सतरा रस्त्यांवर लागली आहे. त्यातली तीन दुकानं आपली. बाकीची चौदा आपलं नाव आणि आपली पद्धत घेऊन दुसरी माणसं चालवतात: कुणी पूर्वी बस चालवत होतं, एक बाई नर्स होत्या, नवव्या दुकानाचा मालक शिंपी आहे आणि अजून गळ्यात टेप घालूनच पीठ मळतो. प्रत्येक दुकानात चौकटीत लावायला एक पान छापायचं आहे, 'आमची वाटचाल' असं. त्यासाठी बाबांची भट्टी, आईचा पाव, पहिलं दुकान कसं उभं राहिलं ते सगळं मला लिहून पाठव. तुला तारीखवार आठवतं. मी तेव्हा लहान होतो आणि दिवसाचा बराच वेळ शाळेत.

आता न आवडणारी गोष्ट. बिस्किटं, बन, केक सगळीकडे झकास होतात, पण आईचा पाव काही जमत नाही. भट्टीत टाकताना साच्याच्या वर आलेला असतो आणि बाहेर येतो तो मधे खड्डा पडून, आंबूस वास घेऊन. मी पुस्तिका छापली आहे, आईच्या वहीतलं अक्षर न् अक्षर तिच्यात आहे, आणि दुकानदार ती देवासारखी पाळतात. तरी हीच रड. २८ सप्टेंबरला सगळे दुकानदार जमणार आहेत. एक गिरणीवाला तयार मिश्रणाची पोती घेऊन येणार आहे. पोतं फोडायचं, पाणी घालायचं, झाला पाव. बरेच जण त्याच्या बाजूने आहेत. सगळ्या दुकानांत एकच पाव असेल हे कलम करारात मीच घातलं, तेव्हा मिश्रण आलं तर ते पहिल्या दुकानातही येईल. म्हणजे आईचा पाव संपला, तुझ्या भट्टीतूनसुद्धा. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं.

भाऊजींना नमस्कार. उत्तर लवकर पाठव, आणि त्यात थोडी माया शिल्लक असू दे.

तुझा,
धाकटा


पहिलं दुकान,
९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मिश्रणाचं वाचून हातातला साचा खाली ठेवला आणि तसाच पुन्हा उचलला, कारण गिऱ्हाईक उभं होतं. त्यावर नंतर बोलू. आधी तुझी वाटचाल.

बाबा दुसऱ्याच्या बेकरीत भट्टी पेटवायच्या कामावर होते. मालक म्हातारपणी लेकीकडे राहायला गेला आणि जाताना भट्टीची किल्ली बाबांच्या हातात ठेवून गेला. बाबांना जाळ कळायचा, पीठ कळायचं नाही. पहिल्या आठवड्यातले पाव इतके कडक झाले की आई म्हणायची, भिंत बांधायला घ्या. मग आईनेच बाह्या वर केल्या. महिन्याभरात तिचा पाव असा उतरायला लागला की बाबा सायकलवर टोपली बांधून निघायचे ते रिकामी टोपली घेऊनच परत.

दुकान शाळेच्या भिंतीला लागून, हे तुला सांगायला नको. तू त्या भिंतीपलीकडे बसून माझ्या नावाने हाका मारायचास. शाळा भरल्याची घंटा झाली की आई साच्यांत पीठ भरून ओलं फडकं टाकायची, आणि मग दोन तास कुणाला हात लावू द्यायची नाही. फडकं उचललं की वारा लागतो म्हणे. उचलणाऱ्याला लाटण्याचा प्रसाद मिळायचा, माझ्या डाव्या मनगटाला विचार. दोन तास झाले की फडकं काढून साचे भट्टीत. मी आजही तेच करते. शाळेला सुट्टी लागली की ती पाव बंद करून नुसती बिस्किटं आणि टोस्ट करायची. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पोरं नसायची म्हणून असेल. मीही तसंच चालवलं आहे, गिऱ्हाइकं दर सुट्टीत कुरकुरतात आणि शाळा उघडली की परत येतात.

दुसरं दुकान तू शाळेच्या मागच्या गल्लीत काढलंस, तिसरं मैदानापलीकडे. दोन्ही सुरेख चालली, पावाची एक तक्रार नाही. चौथं काढलंस नदीपलीकडे आणि तिथून ही किरकिर सुरू झाली. माझं मत विचारशील तर पाणी वाईट. तू शिकायला पाठवलेल्या माणसांना मी मळणं, घडी घालणं, साचा भरणं मन लावून शिकवलं. पाव फुगायला ठेवला की पुढे गिऱ्हाइकांची झुंबड उडते, तेव्हा मी त्यांना गल्ल्यापाशी पाठवायची, तेवढाच वेळ ती माझ्या नजरेआड. तुझी पुस्तिका मिळाली होती. छान जाड आहे. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली अगदी बरोबर बसली.

तुझे भाऊजी बरे आहेत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात सात घड्याळं आहेत आणि सात वेळा दाखवतात. बरी झालेली सगळी गिऱ्हाइकांकडे जातात, आमच्या वाट्याला आजारी राहतात. मला त्याची सवय आहे. भिंतीपलीकडे शिपाईमामा घंटा देतात तेवढं मला पुरतं.

सुनेला आणि छोटीला आशीर्वाद. तब्येतीला जप, आणि बहीण चिडते ती मायेनेच हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


कचेरी,
१६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यावरून पान तयार केलं आहे, सोबत पाठवतो. 'विद्येच्या सावलीत एका ध्येयवेड्या दांपत्याने' अशी सुरुवात केली आहे. हिला दाखवलं तर हसून पुरेवाट झाली. बाबांनी स्वतःला ध्येयवेडं म्हटलेलं ऐकलं असतं तर मागे वळून कोण आलंय ते बघितलं असतं, असं तिचं म्हणणं. तू काय ते दुरुस्त कर.

पाण्याचं मी तपासलं. पाच दुकानांचं पाणी आपल्या दुकानाच्या पाण्यासारखंच आहे. पीठ एकाच ठिकाणचं, यीस्ट एकाच डब्यातलं. शिंप्याने तर कळवलं आहे की आता आणखी दीड महिना वाट बघण्याची ताकद त्याच्यात नाही. माणूस पापभीरू आहे. पाव बिघडला की तो गिऱ्हाइकाला परत बोलावून बन देतो.

आता लिहायला जड जातंय, पण मनात ठेवून कुढण्यापेक्षा विचारतो. दुकानदारांमध्ये कुजबुज आहे की पहिल्या दुकानाने काहीतरी हातचं राखलं आहे. वही तीच, पीठ तेच, आणि पाव फक्त तुझा आणि तू घडवलेल्या दोन दुकानांचाच होतो, हे कसं. आधी मी त्यांना झापलं. पण रोज तोच प्रश्न ऐकून आता मलाही वाटायला लागलंय. ताई, आईने तुला एकटीला सांगितलेलं असं काही आहे का, जे तू आम्हाला दिलेलं नाहीस? असेल तर आता दे. २८ तारखेनंतर त्याचा उपयोग नाही.

राग मानू नकोस.

तुझा,
धाकटा


पहिलं दुकान,
२० ऑगस्ट

मा. संचालक यांस,
स. न. वि. वि.

आपले १६ तारखेचे पत्र पावले. मजकूर समजला.

आईची वही ती गेली त्या दिवसापासून आपल्याकडे आहे. ती मी एकदाही मागितली नाही, कारण माझा धाकटा भाऊ ती जपेल याची खात्री होती. वहीत आहे त्याहून वेगळे आईने मला काही सांगितले नाही. तिच्या शेजारी तीस वर्षे उभी राहिले, त्यात जे हाताला लागले ते हातात आहे. हात पाठवून देता येत नाहीत, नाहीतर तेही आपल्या दुकानदारांना दिले असते.

आपल्या सभेत मिश्रण घेण्याचे ठरल्यास कराराप्रमाणे पहिल्या दुकानातही ते वापरले जाईल. फक्त ते माझ्या हातून होणार नाही. भट्टीची किल्ली शेजारी शिपाईमामांकडे ठेवून मी घरी जाईन.

वाटचालीचे पान परत पाठवत आहे. बाबांचे नाव बरोबर आहे, बाकी आपण बघून घ्यावे.

कळावे.

दुकान क्रमांक एकची भट्टीवाली


घर,
२७ ऑगस्ट

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिते आहे हे इकडे कळलेलं नाही, कळलं तरी चालेल. तुमचं पत्र आल्यापासून घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. तुम्ही 'संचालक' म्हटलंत ते इतकं झोंबलं आहे की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यात तर यांनी पोटभर जेवून घेतलं असतं.

चुकलं यांचंच. ते तसं माझ्याजवळ कबूलही केलं आहे, पण तुम्हाला लिहायला बसले की कागद फाडतात. त्याऐवजी पाच दिवस घरात पाव करणं चाललं आहे. वही समोर, पुस्तिका बाजूला, हातात घड्याळ. नऊ पाव झाले, नऊंच्याही मधे खड्डा. काल छोटीने त्यातला एक वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला अडसर म्हणून लावला, आणि दार खरोखरच आपटायचं थांबलं. हे बघून यांना हसू आलं, पण डोळे भरलेले होते. मिश्रण आलं तर दुकानं बंद पडणार नाहीत, उलट जोरात चालतील. पण यांना रोज वाटतं की आईंच्या नावाची पाटी सतरा ठिकाणी लावून आपणच त्यांचा पाव घालवला.

तुम्हाला एक विनंती करते. शिंप्याच्या दुकानात चार दिवस जाऊन या. तो बिचारा एवढंच म्हणतो की कुणीतरी शेजारी उभं राहून सांगा, माझं काय चुकतं. तुम्ही करून दाखवलंत तर कुणाच्या तोंडाला शब्द उरणार नाही. भांडण नंतर करा, मी तुमच्या बाजूने बसेन.

लहान तोंडी मोठा घास घेतला, चूक पदरात घ्यावी.

आपली,
भावजय


नववं दुकान,
६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

राग गेला आहे असं समजू नकोस. तुझ्या बायकोने इतकं गोड लिहिलं की नाही म्हणायला जागा ठेवली नाही, म्हणून आले. माझ्या मागे भट्टी आपल्या दुसऱ्या दुकानाची बाई सांभाळते आहे.

शिंपी देवमाणूस आहे. दुकान आरशासारखं, फडक्यांना चारी बाजूंनी दुहेरी शिवण, यंत्रावर बेतून शिवलेलं आवरण. पाव भट्टीतून निघाला की टेपने उंची मोजतो आणि मान खाली घालतो. मी पहिल्या दिवशी त्याला बाजूला बसवलं आणि सगळं स्वतः केलं. मळलं, घड्या घातल्या, साचे भरले, फडकं टाकलं. त्याने घड्याळ काढून समोर ठेवलं, दोन तास ना, असं विचारलं. मी म्हटलं, दोन तास, आईचा शब्द आहे, मधे फडक्याला हात लावायचा नाही. दोघं स्टुलावर बसून राहिलो. ते दोन तास मला फार लांब वाटले. परक्या जागी वेळ जात नाही म्हणतात, तसं असेल. वेळ झाल्यावर फडकं काढून साचे आत टाकले.

पाव बसला. माझ्या हातचा. मधे वाटीएवढा खड्डा.

दुसऱ्या दिवशी पाणी गार घेतलं. तेच. तिसऱ्या दिवशी जास्त मळलं. तेच. चौथ्या दिवशी मी पिठाच्या खोलीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले. शिंप्याने माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

तुला हातांचा एवढा तोरा दाखवला होता. त्या हातांत काही नाही, हे मला या वयात कळलं. आपल्याच खोलीत, आपल्याच भट्टीपाशी पाव होतो, बाहेर पडले की होत नाही. कारण मला सांगता येत नाही. तेव्हा तू मिश्रण घ्यायचं ठरवलंस तर मी आड येणार नाही. या माणसांना आणखी किती छळायचं? आईचं नाव खड्डा पडलेल्या पावावर नको. उद्या परत निघते.

छोटीचा पापा घे. मला पत्र नाही टाकलंस तरी चालेल, पण मनातून काढू नकोस.

तुझी,
ताई


पहिलं दुकान,
११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे पत्र लिहिते आहे. उभ्या उभ्या वाचू नकोस, बस.

काल नेहमीप्रमाणे शाळा भरल्याच्या घंटेला साचे भरून फडकं टाकलं आणि शिंप्याला चार ओळी लिहायला बसले. त्याची माफी मागायची होती. पत्र पुरं होतंय तोवर पहिला तास संपल्याची घंटा झाली. पाकिटावर पत्ता घातला, दोन गिऱ्हाइकं केली, दुसरा तास संपल्याची घंटा झाली आणि मी उठून फडकं काढलं. पाव साच्याच्या वर बोटभर आलेला, गोल, हवा तसा. मी उभी राहून बघतच राहिले. नवव्या दुकानात इतका लवकर वेळ झाला नव्हता.

तेवढ्यात तुझे भाऊजी डबा घेऊन आले. त्यांना मी विचारलं की दुसऱ्या तासाची घंटा ही शाळा भरल्यावर किती वेळाने होते. ते म्हणाले, एक तास दहा मिनिटांनी, रोज, शिपाईमामांचं घड्याळ मीच लावून देतो. मी म्हटलं, नाही, दोन तासांनी. ते म्हणाले, दोन तासच, पण शाळेचे. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो.

मग मी टेबलाखालून तुझी पुस्तिका ओढून काढली. सगळे साचे घरंगळले, ते सोड. पान सात उघडलं. तू छापलं आहेस, 'फडके टाकून १२० मिनिटे ठेवणे.' आईच्या वहीत बघ. तिथे 'दोन तास' असेल, मिनिटं नसतील.

धाकट्या, आईला घड्याळ वाचता येत नव्हतं. अक्षरं ती तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकली, तुला आठवत असेल, तू तिला शुद्धलेखन घालायचास. घड्याळ शिकवायचं आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही, आणि जावई घड्याळवाला मिळाल्यावर तिला विचारायची लाज वाटली असेल. तिचा तास म्हणजे भिंतीपलीकडे घंटा होते तो. म्हणून सुट्टीत पाव नाही. घंटा नाही तर पाव कसा काढणार? आणि म्हणून तुझी पहिली तीन दुकानं नीट चालली. तिन्हीकडे आपल्या शाळेची घंटा ऐकू येते. नदीपलीकडे जात नाही.

मी हसायला लागले ती थांबेना. तुझे भाऊजी घाबरून पाणी घेऊन आले. मग मला तिचा चेहरा आठवला, घंटा झाली की हात पुसत उठायची तो, आणि हसता हसता भलतंच झालं. ते असू दे.

शिंप्याच्या पत्राचं पाकीट फोडून आत आणखी एक ओळ घातली आहे. तू आता कामाला लाग. सतरा दिवस आहेत.

आईचे आणि माझे मिळून आशीर्वाद.

तुझी,
ताई


कचेरी,
१६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज साष्टांगावर भागत नाही म्हणून 'शि.' जोडला आहे, डोकं खरोखर जमिनीला लावलं असं धर.

वही काढून बघितली. 'दोन तास', आईच्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरांत. १२० मिनिटं माझी. दुकानदारांना घोटाळा नको, अगदी काटेकोर असावं, म्हणून मी तासांची मिनिटं केली. मला आता राहून राहून एकच आठवतं. आपल्या शाळेत पहिला तास गणिताचा होता आणि दुसरा भूगोलाचा. भिंतीपलीकडे आईचा पाव फुगत होता आणि अलीकडे मी, एक तास म्हणजे साठ मिनिटं, हे घोकत होतो. त्या तासाला पस्तीस मिनिटांत संपताना रोज बघत होतो आणि तरी घोकत होतो. गुरुजी मला ढ म्हणायचे तेव्हा तुम्ही सगळे उगीच माझी बाजू घ्यायचात.

चौदाही दुकानांना चिठ्ठी गेली आहे. शिंप्याने तुझं पत्र मिळाल्या दिवशीच पाव केला. टेपने उंची मोजली, मला फोन करून नुसता आकडा सांगितला आणि फोन ठेवून दिला. घरी मीही केला. छोटी विचारते, आता दाराला काय लावायचं.

ताई, मी तुला जे लिहिलं ते मला आयुष्यभर पुरेल. तू हातचं काही राखलं नव्हतंस. उलट तीस वर्षं आईचा तास तू जसाच्या तसा सांभाळलास, आणि मी तिची वही सांभाळून तिचा शब्द बदलला. क्षमा कर असं लिहायला पेन धजत नाही, पण कर.

तरी सभा व्हायचीच आहे. गिरणीवाला येणार आहे, आणि काही दुकानदार बारा दिवसांत पाव जमेल यावर विश्वास ठेवायला तयार नाहीत. तू ये. येत नसलीस तर निदान तुझा एक पाव पाठव.

तुझाच,
ढ धाकटा


पहिलं दुकान,
३० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी आले नाही, कारण शाळेत परीक्षा चालू आहेत आणि पोरांना मधल्या सुट्टीत ताजा पाव लागतो. क्षमेचं म्हणशील तर ती मी नवव्या दुकानातच केली होती, तुला सांगितलं नाही एवढंच. जरा धाक राहिलेला बरा असतो.

पण आता मी पुन्हा रागावले आहे. सत्तावीसला गाडीवाल्याबरोबर मन लावून केलेला पाव पाठवला. काल तोच गाडीवाला खोकं घेऊन परत आला, आत पाव, आणि तुझी दीड ओळीची चिठ्ठी की पत्र मागून येतं आहे. पाव कापलाही नव्हता. सभेत काय झालं, मिश्रण घेतलं का, त्यावर चकार शब्द नाही. तुझ्या भाऊजींनी समजूत घातली की गडबडीत राहून गेला असेल. राहून गेलेला पाव कुणी खोक्यात कागद घालून परत पाठवत नाही.

वाटलं, कुठे बिघडला तर नाही. उलटा करून वाजवून बघितला. आपल्या पावाचा पोकळ, भरदार आवाज असतो तसाच. कड तशीच, रंग तसाच, कापल्यावर जाळीही तशीच. दोन दिवसांचा असून मऊ होता. निम्मा यांनी खाल्ला, निम्मा मी. चांगला झाला होता रे. आईचाच होता. मग परत का पाठवलास? त्या लोकांना आवडला नाही का? मिश्रण घ्यायचं ठरलं असेल तर सरळ लिही. मी किल्ली काढून ठेवली आहे.

कसंही झालं तरी तू माझा धाकटा आहेसच. उत्तर मात्र जरा बेताने, मन कच्चं झालं आहे.

तुझी,
ताई


कचेरी,
५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

किल्ली परत जागेवर ठेव. तू खाल्लास तो पाव तुझा नव्हता.

सभेत सतरा दुकानांचे सतरा पाव एका टेबलावर मांडले, नाव कुणावर नाही, खाली नुसते खडूने आकडे. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ताईचा पाव मी डोळे मिटून ओळखेन, आणि बसचालकाचा उचलला. नर्सबाईंनी स्वतःचाच पाव तुझा म्हणून उचलला. गिरणीवाल्यालाही बोट ठेवायला सांगितलं. त्याने तीन-चार चाखले, बाकीचे उचलून वाजवून बघितले, हात झटकले, आणि पोतं न उघडता गाडीत परत ठेवलं. तुझा पाव सभेत तुकडे होऊन संपला, चुरासुद्धा राहिला नाही. मग मला खोडी सुचली. उरलेल्यांतला एक न कापता तुला पाठवला, तुला कळतं का बघायला. खोक्याच्या तळाला खडूने नऊ लिहिलं आहे, बघ.

काल तुझं पत्र घेऊन शिंप्याकडे गेलो आणि 'चांगला झाला होता रे, आईचाच होता' एवढीच ओळ त्याला वाचायला दिली. त्याने दोनदा वाचली, गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली आणि तू बसली होतीस त्या खुर्चीत बसून राहिला. शेजारच्या खिडकीत त्याने दाराची जुनी घंटी टांगली आहे. पस्तीस मिनिटं झाली की त्याची बायको ती वाजवते.

वाटचालीचं पान पुन्हा लिहिलं. ध्येयवेडे कुणी उरले नाहीत. पहिली ओळ अशी आहे की आमच्या आईचा तास पस्तीस मिनिटांचा होता. बाकीचं तू सांगितलंस तसंच.

भाऊजींना नमस्कार, शिपाईमामांना दोन नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायला आता सुट्टीतही पाव काढत जा, असं गिऱ्हाइकांच्या वतीने सुचवतो.

तुझा,
धाकटा